पेण ते रोहे : गावाचा नकाशा कोणी काढावा?

पनवेल सोडून दक्षिणेस निघालेली गाडी आपटे, जिते, हमरापूर ही स्थानके मागे टाकून पेणच्या बाजूस येऊ लागली, म्हणजे प्रवाशाच्या डाव्या हातास डोंगर व उजव्या हातास खारेपाट अशी वाटणी होते. डोंगराकडे सर्वांचीच दृष्टी जाते. आमची मात्र वाचकांस अशी विनंती आहे की, त्यांनी या खेपेस खिडकी बदलून उजवीकडे बसावे. पावसाळा सरत आला असेल तर भाताची पिवळट हिरवी खाचरे धरमतरच्या खाडीच्या रोखाने पसरत गेलेली दिसतात. यातील बरीचशी जमीन पूर्वी खाडीच्या पोटात होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्याही पूर्वीच्या पिढ्यांनी मातीचे बांध घालून ती भरतीच्या तोंडून काढून घेतली.

या बांधांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. खाडीच्या अंगास मोठा बाहेरचा बांध असतो. त्यात ठिकठिकाणी उघाडी ठेवलेली असते. ओहोटीस आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाते, आणि भरतीस तिचे दार आपोआप मिटून खारे पाणी बाहेरच अडते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात (यास रायगड हे नाव १९८१ पासूनचे) अशा जमिनींच्या धारापद्धतीस शिलोत्री असे नाव होते, व बाहेरचा बांध राखण्याची जोखीम शिलोत्रदारांवर असे. परंतु कागदावर कोणाचेही नाव असो, उधाणाच्या रात्री बांधास खांड पडली की साऱ्या गावास टोपली-फावडे घेऊन धावावे लागे. एकाच्या शेतापुढची खांड सर्वांच्या शेतांत खारे पाणी घालते, आणि एकदा खार चढला की पुढे काही हंगाम भात धड होत नाही. नियोजन हा शब्द या गावांत कोणी उच्चारीत नसेल. पण पुढच्या वर्षाचाच नव्हे, तर पुढच्या पिढीचा विचार करून दरवर्षी माती टाकणे यास दुसरे नाव काय द्यावे? १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली त्याच्या जागी दुसरा आला, आणि बांधांची काळजी सरकारी खात्याकडे गेली. एकट्या गावाच्या आटोक्यात नसलेला खर्च सरकारने उचलला हे बरेच झाले. तथापि, बांध सरकारचा ही भावना एकदा रुजली म्हणजे टोपली-फावड्याची सवय मोडते, हेही तितकेच खरे.

याच खारेपाटात १८ वर्षांपूर्वी, म्हणजे २००८ साली, आपल्या देशात क्वचितच घडते असे काही घडले. उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा रिलायन्स समूहाशी निगडित कंपनीचा बेत होता, व १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनी घेण्याचे काम चालू झाले होते. पेण तालुक्यातील गावांचे म्हणणे असे की, आमची शेते हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात. ज्या धरणाचे पाणी आम्हांस देऊ केले ते अजून शेतापर्यंत पोचले नाही, तोच शेत कसे नेता? प्रा. एन. डी. पाटील, श्रीमती उल्का महाजन आदिकरून मंडळींनी ही बाजू लावून धरली. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि अखेर सरकारने २२ गावांत मतदान घेण्याचे मान्य केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी खातेदारांनी रांगा लावून आपली जमीन द्यावी की न द्यावी यावर चिठ्ठ्या टाकल्या. कौल मोठ्या बहुमताने नकाराचा पडला. त्याचा अधिकृत निकाल म्हणून काही जाहीर झाले नाही. पण पुढे मुदतीत संपादन पुरे न झाल्याने तो बेत बारगळला.

या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील एक उणीव आमच्या मनास खटकते. प्रश्न एकच विचारला गेला: देता की नाही? लोकांनी उत्तर दिले: नाही. मग तुम्हांस या गावांचे पुढील ३० वर्षांत काय व्हावेसे वाटते, हा प्रश्न त्या चिठ्ठीवर नव्हता, आणि नंतरही कोणी तो त्यांच्या अंगणात येऊन विचारला नाही. शिवाय मत खातेदाराचे. ज्या सुनेचे नाव सातबारावर नाही, जो मजूर दुसऱ्याच्या खाचरात आवणी करतो, जो कोळी खाडीवर जगतो, त्यांस गावाच्या भवितव्याशी काहीच कर्तव्य नाही काय? एकत्र कुटुंबात वाड्याची मोडतोड करावयाची ठरते तेव्हा कर्त्या पुरुषाची सही लागते हे खरे. पण विहिरीकडचे दार कोठे ठेवावे हे घागर वाहणारीस न विचारता ठरविले तर पुढे काय होते, हे वाचकांतील प्रत्येक घर जाणते.

जमीन मागण्याची दुसरी रीत जगास दाखविणारे विनोबा भावे हे याच पेण तालुक्यातील गागोदे गावचे, हा योगायोग मोठा बोलका आहे. १८९५ साली ते तेथे जन्मले.

पेण गावात उतरलो म्हणजे पोहे, पापड, मिरगुंडे ही नावे जिभेवर येतातच. पण खरा मान गणपतीचा. भर उन्हाळ्यातही कारखान्यांतून मूर्तींच्या रांगा वाळत असतात, आणि गावाबाहेर हमरापूर, जोहे या बाजूसही घरोघर हा धंदा पसरला आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींस बंदी असावी की नसावी हा वाद केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून न्यायालयांत चालला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन होऊ नये असे सांगितले. नद्या-तलाव स्वच्छ राहिले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण एका सबंध गावाच्या चुलीचा प्रश्न दिल्ली-मुंबईत सुटावा लागतो, कारण गावाने स्वतः बसून शाडू किती, प्लॅस्टर किती, हे वेळेवर ठरविले नाही, असे आम्हांस वाटते.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे नगरपरिषदेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावा आणि सुमारे २० वर्षांनी तो सुधारावा. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात, नियोजन समितीने त्या ऐकाव्यात. मुदत साधारण महिन्याची. काम आरंभितानाही सूचना मागविण्याची तरतूद आहे. परंतु तेव्हा दाखवावयास नकाशाच नसतो, व सामान्य मनुष्यास कोऱ्या कागदावर काय बोलावे ते सुचत नाही. नकाशा आला की मात्र प्रत्येकजण आपल्या परसावरून रस्ता जातो की नाही एवढेच पाहतो. मग हरकतींचा ढीग पडतो आणि सूचनांची वही कोरी राहते. मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली, तेव्हाही पुन्हा हरकतींचेच गठ्ठे बांधले गेले.

वेगळी रीत अशक्य नाही. केरळ राज्याने १९९६ पासून योजनेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा स्थानिक संस्थांच्या हाती देऊन ग्रामसभांतून कामे ठरविण्याचा मोठा प्रयोग केला. आपल्या पुण्यातही २००६ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवावी अशी व्यवस्था आहे. पेणसारख्या मधल्या गावाची अडचण निराळी. खेड्यास ग्रामसभा आहे. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख वस्तीच्या शहरांस. २०११ च्या शिरगणतीत पेणची वस्ती ३८ हजारांच्या आसपास व रोह्याची २१ हजारांच्या आसपास. अशा गावाने आपली सभा आपणच बोलवावी लागते.

पेणहून नागोठण्यावरून रोह्यास पोचावयास फार वेळ लागत नाही. येथवर रूळ १९८६ साली आले, व १९९८ साली पुरी झालेली कोकण रेल्वे येथूनच पुढे मोजली जाते. रोहे आणि नदीपलीकडचे अष्टमी मिळून एक नगरपरिषद. मधून वाहते ती कुंडलिका. आणि कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात दगड दाखवितात तेव्हाही ही भरलेली असते. त्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि तेथून या नदीस मिळते. त्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, १९२१ साली सेनापती बापट यांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, आणि तो हरला. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली चालू झाले. आज त्याच पाण्यावर कोलाडचे नौकाविहार चालतात, डोलवहाळच्या बंधाऱ्यावर शेते भिजतात, आणि धाटावचे रासायनिक कारखाने उभे राहिले. ज्यांस विचारले नाही त्यांच्या जमिनीवरून आलेले पाणी रोहेकर पितात, हे रोहेकरांस सहसा कोणी सांगत नाही.

धाटावच्या औद्योगिक क्षेत्राचे नियोजन औद्योगिक महामंडळ पाहते, गावचे नियोजन नगरपरिषद पाहते, आसपासच्या खेड्यांचे तिसरेच कोणी. नदी मात्र तिघांच्याही हद्दीतून जाते. तिच्या पाण्याविषयीच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे नाव रोह्याच्या महाविद्यालयास आहे. १९५६ साली मुंबईचा निर्णय मुंबईकरांच्या व महाराष्ट्राच्या मनाविरुद्ध होत आहे, म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. त्या नावाच्या महाविद्यालयातील मुलांनी एक वर्ष कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरील घरोघर जाऊन नदीची नोंद केली, तर नगरपरिषदेस मिळणारा तो दस्तऐवज कोणत्याही नकाशापेक्षा मोलाचा होईल.

घरोघर जाण्याची रीत या गावास शिकवावी लागणार नाही. दसऱ्याच्या उत्सवात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीस सशस्त्र पोलीस मानवंदना देतात, व पालखी आळीआळीतून फिरते. त्या दिवशी मुंबई-पुण्यास गेलेली कुटुंबे परत येतात, वर्षभर कुलूपबंद असलेले वाडे उघडतात. या वाड्यांचे मालक आमच्या वाचकांतही असतील. बिल्डरच्या करारावर सही करावयास ते तत्परतेने गावी येतात. आराखड्याच्या सुनावणीस आलेला त्यांपैकी कोणी आमच्या ऐकिवात नाही. वाड्यात भाड्याने राहणारा, कारखान्यात पाळीवर जाणारा परप्रांतीय तरुण मात्र तेथेच असतो, आणि त्याच्या मुलांस शाळा कोठे असावी याचे मत त्याच्यापाशी आहे. सुनावणीत खुर्ची कोणास आधी द्यावी, सहीवाल्यास की राहणाऱ्यास, हा प्रश्न रोह्याने येत्या आराखड्यापूर्वी सोडविला पाहिजे. आमचे मत विचाराल तर आधी राहणाऱ्यास. आणि वाडेवाल्यांनी दसऱ्यास दोन दिवस अधिक राहून त्याच्या शेजारी बसावे.