माझा रिपोर्ट

गेले बरेच वीकेंड इथे काही लिहिलं नाही. लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी बायकोला विचारलं. म्हणाली, "लिही, पण सगळं लिही."

तर, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. वराळ्यात राहायला आल्यापासून जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, "काय मग, गोड बातमी कधी?" गंमत म्हणजे तो मला कुणी विचारत नाही, तिलाच विचारतात. आईचं फोनवर ठरलेलं, "तिला एकदा कार्ल्याला नेऊन आण, एकवीरेला नवस बोलू दे."

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची, बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. म्हणून आम्ही गेलो. म्हणजे ती गेली, मी गाडी चालवली. सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच आणि मग एचएसजी. यात गर्भाशयात औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. मी बाकावर बसून ऑफिसच्या मेल्स वाचत होतो. तिचं सगळं नॉर्मल निघालं.

माझ्या टेस्टची चिठ्ठी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दिली होती. ती आठ महिने लॅपटॉपच्या बॅगेत पडून. रिलीज आहे, क्लायंटचा कॉल आहे, वगैरे. खरं कारण भीती. बग आपल्याच मॉड्यूलमध्ये निघाला तर? मूल होत नसलेल्या जोडप्यांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाकडेही काही कारण असतं, आणि सगळ्यांत सोपी, न दुखणारी टेस्ट त्याचीच. आपलं मॉड्यूल न तपासता आठ महिने दुसऱ्याचंच उसवत बसणाऱ्या ज्युनियरला मी काय काय बोललो असतो!

शेवटी एका शनिवारी मुहूर्त लागला. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत, आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे. मी शहाणा, घरूनच डबी घेऊन निघालो. गार पडू नये म्हणून शर्टाच्या आत. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलर आडवा! सव्वा तास तिथेच. पुढच्या शनिवारी गपचूप लॅबमधल्या खोलीतच दिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा. माझे ७० लाख. आता एका रिपोर्टवर काही ठरत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत टेस्ट. तोवर सिगारेट बंद, लॅपटॉप मांडीवरून टेबलावर, आणि व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात का, ते तपासायचं. आकडा सुधारला तर आययूआय, नाहीतर इक्सी. त्यात एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमचं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ला जन्मलं, तेव्हा ही सोयच नव्हती, ती १९९२पासूनची. क्लिनिक २०२१च्या एआरटी कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे मात्र आधी विचारायचं.

रिपोर्ट बायकोला दाखवला. तिने वाचला, घडी घालून स्वतःच्या फाइलमध्ये लावला. "आठ महिने," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

काल आईचा परत फोन. म्हटलं, जातो एकवीरेला, पण नवस माझ्या नावाने बोलायचा. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले, ते सांग आधी."