काचेतला फोटो

सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, राजवाड्याजवळची सणाची खरेदी, असल्या इंदूरच्या आठवणी मी इथे पुष्कळ लिहिल्या. आज जरा वेगळं लिहिते. आमची गल्ली कुठली, ते या वेळी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. आजेसासूबाईंच्या वेळचे पितळी मुखवटे, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. त्या वर्षी चुलत बहिणीची मुलगी तिच्या लहानग्याला घेऊन आमच्याकडे राहायला होती. सासरी राहण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून निघून आली होती. कुठे आहे हे घरातल्या चौघांनाच माहीत. तिने आल्या दिवशीच सांगितलं होतं, "मावशी, मला आणि बाळाला फोटोत घेऊ नकोस हं."

मी घेतलं नाही. अगदी लक्षात ठेवून दोघांना बाजूला बसवलं, महालक्ष्म्यांचा फोटो काढला आणि हौसेने टाकून दिला. वर लिहिलं, "आमच्या घरच्या महालक्ष्म्या, आज जेवण." गल्लीचं नावसुद्धा लिहिलं.

तासाभरात एका ओळखीच्या काकूंनी अगदी मायेने लिहिलं, "अगं, मागे काचेत दिसून राहिली ती आपल्या माईची नात ना? केव्हा आली इंदूरला?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मुखवट्यांच्या मागे काचेचं कपाट. त्यात ती, मांडीवर बाळ. चेहरा स्पष्ट.

फोटो लगेच काढून टाकला. पण तोवर तो दोन-तीन फॅमिली ग्रुपवर फिरला होता. आपण काढला म्हणजे लोकांच्या फोनमधून थोडाच निघतो? दुसऱ्या दिवशी तिच्या सासरहून तिला फोन आला, "मुलगा इंदूरला आहे, कळलं आम्हाला." विसर्जनाच्या आधीच ती बाळाला घेऊन एका मैत्रिणीकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "टाकायच्या आधी मला एकदा दाखवला असतास तर."

मंडळी, आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी. नवा माणूस भेटला की आधी आडनाव, मग "कुठले तुम्ही?", आणि पाचव्या मिनिटाला नातं निघतं. या सवयीनेच तर आपण इतक्या पिढ्या एकमेकांना धरून राहिलो. पण त्याच सवयीने कोपऱ्यातला चेहराही तासाभरात ओळखला जातो. पूर्वी अल्बम सासूबाईंच्या लोखंडी कपाटात असे. कोणाला दाखवायचा, कोणतं पान पटकन उलटायचं, ते त्या ठरवत. फोन हातात आल्यावर ते काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही.

आता फोटो टाकण्याआधी तो मोठा करून चारही कोपरे बघते. आरसा, काच, स्टीलचा डबा, मुलांच्या शाळेचा बिल्ला, गाडीचा नंबर, दारावरची पाटी, टेबलावरचे डॉक्टरांचे कागद. नको ते कापून टाकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलंय, कारण ते चालू असलं की फोटो कुठे काढला त्याची नोंद फोटोतच बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती नोंद तशीच पुढे जाते. सणाचे फोटो सण उरकल्यावर टाकते. आणि फोटोत जो कोणी असेल त्याला आधी दाखवते, लहान मुलांनासुद्धा. आमचा दहा वर्षांचा नातू दोनदा "नको" म्हणाला. नाही टाकले.

हे लिहिलेलंही आधी भाचीला फोनवर वाचून दाखवलं. तिने दोन ओळी काढायला सांगितल्या, त्या काढल्या. ती आता बरी आहे. कुठे आहे ते विचारू नका, आणि ओळखलं असेल तरी खाली नाव लिहू नका, ही हात जोडून विनंती.

या वर्षी महालक्ष्म्यांचा फोटो टाकेन. कपाटावर आधी चादर घालेन.