शिरूरची काळी भुई

चैत्रअखेर लातूर सोडून शिरूर अनंतपाळच्या वाटेस लागलें, कीं दुतर्फा नांगरून टाकलेलीं काळीं रानें सुरू होतात. काळ्या पाषाणाच्या झिजेनें झालेली ही भुई पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते.

मुंबईस चित्रकला शिकणारा पुतण्या आमच्याबरोबर होता. घरीं पोहोंचतांच त्यानें चुलींतला बाभळीचा कोळसा उचलला. चित्रकाराची कांडी मऊ लांकडाची, वारा लागूं न देतां भाजलेली असते. हा कोळसा कणकणीत, कागद ओरखडणारा. त्यानें नुसत्या रेघा व पुसट पट्टे ओढले; ना झाड, ना माणूस.

थोरले बंधु म्हणाले, "ह्यासाठीं का फी भरायची?"

पुतण्यानें हागेनच्या एमिल शूमाखरचें व नागपुरास १९२४ सालीं जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचें नांव घेतलें. गायतोंडे आपल्या चित्रांस अमूर्त न म्हणतां वस्तुनिरपेक्ष म्हणत. बंधूंचें समाधान झालें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमचेंहि नाहीं.

मातोश्रींनीं कागद डोळ्यांजवळ नेला. "हें बहात्तरच्या दुष्काळांतलें आपलें वावर. ह्याच भेगेंत माझा पाय गेला होता."

"आजी, मीं वावर काढलेलें नाहीं."

तोंवर तिनें बोटाचा कोळसा पदरास पुसलाहि होता. फीचा विषय त्या दिवशीं पुन्हा निघाला नाहीं.