छताची काच
आषाढातील ती संध्याकाळ. ताम्हिणी घाटातील धुके पाहण्यासाठी, आई ‘नको’ म्हणत असतानाही, मी मोटारीच्या छताची काच उघडली. पाऊस आला, पण काच मिटेना. कळ दाबली की ती थोडी सरके आणि पुन्हा मागे फिरे. मी चिडलो. भिजत असलेली आई शांतपणे म्हणाली, “अरे, मध्ये काही अडकले असेल.”

आसनावर उभा राहून पाहिले, तर खाचेत एक काडी होती. कुणाचे बोट चेंगरू नये म्हणून अडथळा जाणवताच मागे फिरण्याची योजना त्या यंत्रात होती. काडी काढताच काच अलगद मिटली.

ज्याला मी बिघाड समजलो, ती काळजी होती. आईच्या ‘नको’वरही मी आयुष्यभर असाच चिडत आलो होतो. मुकाट्याने मी तिच्यापुढे कोरडा पंचा धरला.