खरवस का घट्ट होतो

गाय व्याल्यावर पहिल्या दिवसाचा चीक नुसता वाफवला तरी त्याची वडी पडते. त्याला विरजण लागत नाही की चायना ग्रास लागत नाही. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस जरा सैल होतो, तिसऱ्या दिवशी आणखी सैल, आणि चार-पाच दिवसांनी पातेल्यात साधं दूध उरतं. मावळातल्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं. कारण असं की पहिल्या चिकात प्रथिनं साध्या दुधाच्या कितीतरी पट असतात आणि त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडींचा असतो. उष्णतेने ही प्रथिनं साकळतात. त्या गाईने आजवर ज्या जंतूंशी सामना केला, जी लस टोचून घेतली, त्या साऱ्याविरुद्धची प्रतिपिंडं त्या वडीत शिजून घट्ट झालेली असतात.

मी पशुवैद्यक. माझा विषय प्राण्यांचं प्रतिकारशास्त्र, आणि नोकरीचा बराचसा काळ जनावरांच्या रक्तातलं सीरम तपासण्यात गेला. आता तुंगार्लीत राहते. इथून राजमाचीकडे जाणारी वाट धरली की धरण मागे पडतं आणि थोड्याच वेळात गुरं भेटू लागतात. आसपासच्या वाड्यांत आणि धनगरवाड्यांत अजूनही पावसाळ्याचे चार महिने माणसं नि जनावरं एकाच छपराखाली काढतात. रात्री म्हैस खोकली तर घरधन्याला जाग येते. अशा ठिकाणी माणसाची प्रतिकारशक्ती हा एक विषय आणि जनावराची हा दुसरा, असं मला कधीच म्हणवलं नाही. सरकारी कामकाजात मात्र ते दोन विषय आहेत. दवाखाने दोन, खाती दोन, नोंदवह्या दोन.

चिकाकडे परत येते, कारण त्यात या दोन्हींमधला खरा फरक आहे. माणसाच्या वारेतून आईची प्रतिपिंडं पोटातल्या बाळाकडे जातात. शेवटच्या तीन महिन्यांत तर भरभरून जातात. म्हणून गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की बाळही सुरक्षित होतं. गाईम्हशींच्या वारेची रचना वेगळी असते. तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जन्मतं ते जवळजवळ कोऱ्या रक्ताने. आईचं देणं त्याला मिळतं ते फक्त चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. जन्मानंतर थोडे तास वासराच्या आतड्याचं अस्तर अख्खं प्रतिपिंड जसंच्या तसं रक्तात सोडतं. सहा तासांनी ही क्षमता घटू लागते आणि दिवस उलटला की ते दार बंद होतं. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की चीक न मिळालेली वासरं एरवी निरुपद्रवी असलेल्या जंतूंनीही दगावतात. वार पडेपर्यंत वासराला आचळ लावायचं नाही, ही समजूत माझ्या मते म्हणूनच फार महाग पडते. वार पडायला कधी आठ-आठ तास लागतात. तेवढ्यात वासराचा सर्वांत मोलाचा वेळ निघून जातो. खरवस करायचा तर जरूर करा, पण आधी वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जाऊ द्या.

आईकडून आलेली ही प्रतिपिंडं काही महिन्यांनी विरतात. ती रक्तात असेपर्यंत लस टोचली तर लसीतला विषाणू त्यांच्याच हातून निकामी होतो आणि वासरू स्वतः काहीच शिकत नाही. लाळ्या खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात देतात ती यासाठी. आपल्या मुलांना गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात तीही नेमकी यासाठीच. गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा सख्खा नातलग; दोघांचा पूर्वज एकच. गुरं पाळणाऱ्या माणसाच्या वस्तीत त्यांतला एक माणसात आला, असं आज मानलं जातं.

बुळकांडीचा आणि पुण्याचा संबंध फारसा कुणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात या रोगाने देशभर गुरं इतकी मरत होती की १८६९ मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. इतके सांसर्गिक जंतू भरवस्तीत हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या अंगातून पुन्हापुन्हा काढून सौम्य केला आणि त्याची लस बनवली. भारतातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग, आणि तो जनावरांचा.

बुळकांडीत एक सोय होती. एकदा आजार होऊन वाचलेलं किंवा लस टोचलेलं जनावर जन्मभर सुरक्षित राहायचं, आणि रक्तातली प्रतिपिंडं हेच त्या संरक्षणाचं माप होतं. ज्या रोगाने मला आयुष्यभर गुंतवून ठेवलं त्यात अशी सोय नाही. तो रोग ब्रुसेलोसिस. गोठ्यात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडते, वार अडकते, पुढच्या वेताला कदाचित नीट वितेही, आणि मालकाला वाटतं की गेलं ते संकट. जंतू मात्र कासेत आणि लसिकाग्रंथींत ठाण मांडून बसलेला असतो. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा असते. ती या जंतूला इतकी मानवते की गाभडलेल्या वारेत त्याची संख्या अफाट वाढते. ती वार उघड्या हाताने ओढून काढणाऱ्याच्या बोटाला चिरलेली जागा असली की पुरे.

मावळात ते हात बहुतेक वेळा घरातल्या बाईचे असतात. एका वाडीवर गाभडलेल्या गाईचं रक्त घ्यायला गेले होते. गाय धरून उभी असलेली मावशी मध्येच दावणीला टेकून खाली बसली. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, गाईचं बघा तुम्ही. मला रोजचंच आहे." रोजचं म्हणजे काय, तर संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामाने लुगडं भिजायचं, सकाळी बरं वाटायचं, आणि कंबर धरलेली. मलेरियाचं औषध झालं होतं, टायफॉइडचं झालं होतं, संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या. घरी कुठलं जनावर गाभडलंय का, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिला तालुक्याला पाठवलं, तपासणी झाली, आणि निदान तेच निघालं जे गाईचं होतं.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं तिच्यातच आहे. रक्त नळीत घेऊन तिरपं ठेवलं की ते गोठतं, गुठळी आकसते आणि वर गवती पिवळं पाणी सुटतं. हे सीरम. त्याचा एक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवायचा. शेजारी तेवढाच थेंब रोझ बेंगॉल रंगाने गुलाबी केलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा. काडीने मिसळायचे, फरशी हलकेच फिरवत राहायची आणि चार मिनिटं पाहायचं. प्रतिपिंडं असली तर एकसारखा गुलाबी थेंब फाटतो आणि त्यात बारीक रवा दिसू लागतो. गाईचं सीरम असो, शेळीचं असो की त्या मावशीचं. गुलाबी द्रावण एकच, फरशी एकच, चार मिनिटं तीच. जी चाचणी जनावर आणि माणूस यांत भेद करत नाही, तिचे निकाल दोन वेगळ्या कपाटांत ठेवण्याचं काम आपण करतो.

हा भेद एका बाईने शंभर वर्षांपूर्वीच मोडून काढला होता. माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला, आणि डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गाईंचा. वीस वर्षं हे दोन जंतू दोन पुस्तकांत राहिले. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये ते जवळजवळ एकच असल्याचं मांडलं आणि कच्चं दूध पिऊ नका असं बजावलं. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, त्यात त्या बाई. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच या जंतूची लागण झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तो ताप त्यांना परतपरत छळत राहिला. अखेर त्यांचं म्हणणं मान्य झालं, अमेरिकेत दूध पाश्चराइज करणं रूढ झालं. माझ्या विषयात मी सगळ्यांत जास्त कुणाला मानत असेन तर त्यांना.

आता लसीचं. ब्रुसेला जंतू आपल्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या आतच घर करतो. प्रतिपिंडं रक्तात फिरतात. पेशीच्या आत ती पोहोचत नाहीत. म्हणजे या रोगात प्रतिपिंड हा साक्षीदार आहे, शिपाई नव्हे. खरी लढाई टी-पेशी करतात. त्या इंटरफेरॉन गॅमा सोडून गिळणाऱ्या पेशीला चेतवतात आणि मग ती आतल्या जंतूला मारते. टी-पेशींना असं तयार करायचं तर मेलेला जंतू सहसा पुरत नाही, जिवंत पण सौम्य जंतू लागतो. असा जंतू १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन बक यांच्या हाती लागला. गाईच्या दुधातून वेगळा केलेला जंतू वर्षभराहून अधिक काळ प्रयोगशाळेत तसाच पडून राहिला होता आणि सौम्य झाला होता. तो स्ट्रेन १९. आजही आपल्याकडे हीच लस चालते.

तिची एक अडचण आहे. मोठ्या गाईला ती टोचली तर प्रतिपिंडं दीर्घकाळ राहतात आणि गुलाबी थेंबात रवा दिसतोच. रोगाने आलेली प्रतिपिंडं कोणती नि लसीने आलेली कोणती, हे साक्षीदार सांगू शकत नाही. गाभण गाईला टोचली तर ती गाभडूही शकते. म्हणून ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला, आयुष्यात एकदाच द्यायची. तिची गाभण राहण्याची वेळ येईपर्यंत प्रतिपिंडं बहुधा विरतात आणि टी-पेशींची आठवण टिकते.

यावर तोडगा म्हणून आर.बी. ५१ ही दुसरी लस आली. अमेरिकेत १९९६ पासून तिचा वापर सुरू झाला. या जंतूच्या कवचावर तो भागच नाही ज्याच्याविरुद्ध नेहमीच्या चाचणीतली प्रतिपिंडं तयार होतात. लस टोचली तरी चाचणी कोरी. पशुवैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर उत्तम सोय. आता माणसाच्या बाजूने पाहा. हा जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाही, आणि माणसाच्या ब्रुसेलोसिसवर डॉक्सिसायक्लिनच्या जोडीने सहा आठवडे दिलं जाणारं नेहमीचं औषध रिफाम्पिसिनच. शिवाय या जंतूची लागण झालेल्या माणसाच्या रक्तातही नेहमीची चाचणी कोरीच निघते. २०१७ मध्ये अमेरिकेत कच्चं दूध प्यायलेल्यांना याच लसीच्या जंतूने आजारी पाडलं. गोठ्यातली सोय डॉक्टरला आंधळं करून गेली. जनावराची लस माणसाच्या तज्ज्ञाला शेजारी बसवून निवडली पाहिजे, असं मी म्हणते ते यामुळे.

युरोपातल्या अनेक देशांनी बाधित गाई कापून हा रोग हटवला. आपल्याकडे तो मार्ग कायद्यालाही मान्य नाही आणि गोठ्यालाही. परिणाम मात्र ओळखून असावेत. चाचणीत गाय बाधित निघाली की मालक तिला बाजार दाखवतो आणि रोग पुढच्या गावाला जातो. त्याला दोष देणं मला जमत नाही. बाधित गाय नुसती सांभाळणं त्याला परवडत नाही. म्हणूनच आपल्याकडे कालवडीची लस हाच खरा उपाय उरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या खुरकुतासोबत ही लसही मोफत आहे. लम्पीच्या साथीत २०२२ साली याच मावळात लोक लसीसाठी गुरं घेऊन रांगेत उभे राहिले, कारण अंगावरच्या गाठी डोळ्यांना दिसत होत्या. ब्रुसेलोसिस दिसत नाही, आणि त्याच्या लसीसाठी तशी रांग मी अजून पाहिलेली नाही.

दुसरीकडे, तुंगार्लीच्या आसपास शनिवार-रविवारी येणारे पाहुणे गोठ्यात जाऊन धारोष्ण दूध मागतात. शुद्ध, गावरान म्हणून पेल्यातून तसंच पितात, मुलांना पाजतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दुधाला उकळी येऊ द्या. त्यात हा जंतू मरतो. खरवसाच्या वाफेतही मरतो, तेव्हा खरवस बिनघोर खा. गाय गाभडली तर वार आणि मेलेलं वासरू कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, हातांत मोजे किंवा निदान जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, आणि नमुना औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाईल असं पाहा. त्याच आठवड्यात घरातल्या माणसांचं रक्तही तपासून घ्या, ताप असो वा नसो.

हा अंक हाती येईल तेव्हा वसुबारस तोंडावर असेल किंवा नुकतीच झालेली असेल. ज्येष्ठात जन्मलेली कालवड आता चार महिन्यांची झाली आहे. माघ सरता सरता तिचं लसीचं वय उलटून जाईल. तेवढ्यात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवा. गोऱ्ह्याला ही लस द्यायची नाही. टोचणाऱ्याच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा आहे ना, हे पाहा; लसीतला जंतू जिवंत असतो आणि सुई चुकून बोटात गेली तर तो ताप त्यालाही येतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे आणि टोचल्याची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. ती कालवड उद्या गाय झाली आणि चाचणीत रवा दिसला, तर तो कशाचा हे ठरवताना तपासणाऱ्याला ती तारीख लागेल.