ओव्हरऑइलिंग

सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘ओव्हरऑइलिंग’. सायकलचा प्रत्येक भाग सुटा करायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, झिजलेले असेल ते बदलायचे, ग्रीस भरायचे आणि सारे पुन्हा जोडायचे, या कामाचे हे नाव. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ असा आहे. त्यातील ‘हॉल’ या घटकाशी मराठी कानाची ओळख नाही. ‘ऑइल’शी मात्र आहे, आणि सायकल उकलली की तेल लागते हे तर डोळ्यांना दिसतेच. तेव्हा लोकांनी अपरिचित घटकाच्या जागी परिचित घटक बसवून शब्द अर्थपूर्ण करून घेतला. भाषाविज्ञानात यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. या संकल्पनेचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही, आणि त्याला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी तयारी आहे.

विद्यार्थी मित्रहो, सायकल हे भाषेच्या अभ्यासकाला फार काही देणारे यंत्र आहे. ‘पेडल’चे आपण ‘पायडल’ केले. पायाने फिरवायचे ते पायडल. यातली गंमत अशी, की लॅटिनमधील ‘पेद्’ आणि संस्कृतातील ‘पद्’ ही एकाच इंडो-युरोपीय कुळातील भावंडे आहेत. म्हणजे मराठी माणसाने इंग्रजी शब्दात जो पाय घातला, तो तेथे आधीपासूनच होता. ‘सायकल’ची कथाही तशीच. ग्रीक ‘कुक्लोस’, संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले, असे तुलनात्मक भाषाविज्ञान सांगते. सायकल त्या ग्रीक शब्दावरून आली, आपले चाक चक्रावरून आले. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारत असतो.

आणखी एक प्रयोग पाहा : ‘चाकाचा आउट काढणे’. चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकू लागले की मिस्त्री स्पोकची निपले आवळून-सैल करून ते सरळ करतो. इंग्रजीत ‘आउट’ हे क्रियाविशेषण. मराठीत आल्यावर ते पुल्लिंगी नाम झाले, त्याला ‘चाकाचा’ हे षष्ठीचे रूप लागले, आणि काटा काढावा तसा तो काढता येऊ लागला. शब्दाने भाषा बदलली की त्याची जातही बदलू शकते, हे सांगायला मी वर्गात नेहमी हेच उदाहरण घेतो. मराठी धातूंचा कोश रचणाऱ्या राजवाड्यांचे नाव ज्या संशोधन मंडळाला आहे, ते मंडळ आमच्या धुळ्यातच आहे. त्या कोशात ‘आउट काढणे’ असण्याचे कारण नाही. पण राजवाडे आज असते तर सायकलच्या दुकानासमोरच्या बाकावर वही घेऊन बसले असते, असे मला वाटते.

मी त्या बाकावर बसलो ते आबांच्या सायकलमुळे.

आबा म्हणजे आमचे वडील. जळगावाजवळ, नशिराबादच्या पलीकडे एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा सायकल ही नवलाईची वस्तू होती. १९६४ साली आबांनी जळगावात रॅले घेतली, तेव्हा ती नवलाईची राहिली नव्हती, पण दोन पगारांहून अधिक किमतीची होती. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली बावीस इंची सायकल, अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक. तिच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कोरलेली आहेत. बगळा ही रॅलेची खूण. लहानपणी सायकल उलटी करून पायडल हाताने फिरवायचे आणि ते बगळे एकमेकांत मिसळून जाताना पाहायचे, हा माझा उद्योग होता.

आबांच्या पश्चात ती जळगावच्या घरी गोठ्याच्या जागेत उभी होती. घर विकायचे ठरले, तेव्हा भंगार घेणाऱ्याने तिला किलोचा भाव सांगितला. मी ती टेम्पोने धुळ्याला आणली. टायर उन्हाने तडकून भाकरीच्या पापुद्र्यासारखे झाले होते, साखळी एकाच आकारात गोठली होती, सीटचे चामडे उंदरांनी खाल्ले होते. मिस्तरींनी (आमच्याकडे मिस्त्रीला मिस्तरीच म्हणतात, हा शब्द पोर्तुगिजांकडून आला) पुढचे चाक उचलून एक गिरकी दिली, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, ‘‘सर, हाई मरेल नही, जपेल शे.’’

जे खानदेशाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. अहिराणीत ‘जपनं’ म्हणजे झोपणे. मिस्तरींच्या वाक्याचा अर्थ इतकाच, की ही मेलेली नाही, झोपलेली आहे. प्रमाण मराठीत मात्र ‘जपणे’ म्हणजे सांभाळणे. माझ्या कानावर दोन्ही भाषांचे संस्कार आहेत. घरात आईची अहिराणी, शाळेत आबांची पुस्तकी मराठी. त्यामुळे ते वाक्य मला एकाच वेळी दोन अर्थांनी ऐकू आले.

काम सुरू झाले आणि मतभेदही. मागच्या एक्सलच्या एकेका बाजूला नऊ छर्रे; ते खडबडीत झाले होते, म्हणून सारे बदलले. क्रँकचे कॉटर झिजले होते, ते बदलले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चालवता चालवता ते सुटून येऊ नये म्हणून; तिथे मिस्तरींनी तेल सोडून एक रात्र वाट पाहिली आणि मग पान्याला हात लावला. ‘‘जबरदस्ती केली तर आटे जातात, मग नवा क्रँक,’’ ते म्हणाले. हे सर्व निर्विवाद होते. जे झिजण्यासाठीच बनवलेले असते ते बदलण्यात कोणाला काय वाटणार? वाद रंगाचा होता.

आमच्या आठवणीतली सायकल काळी. मिस्तरींनी हँडलखालच्या नळीवर बारीक सँडपेपर फिरवला आणि काळ्याखालून गर्द हिरवा रंग निघाला. मी जळगावला दादांना फोन केला. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ते लगेच म्हणाले, ‘‘हिरवीच होती. आबांनी आणली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिला हळद-कुंकू मीच लावलं. काळा रंग तर आबांनी नंतर घरीच मारला, ब्रशने. तू तो खरवडून टाक आणि होती तशी हिरवी करून घे.’’

होती तशी! हे दोन शब्द मला आठवडाभर पुरले. दादांची ‘होती तशी’ सायकल १९६४ची होती. माझी सायकल मी जन्मलो तेव्हाच काळी होती. तिच्या चेनकव्हरवर आबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने, फळ्यावर लिहावे तशा ठसठशीत अक्षरांत, स्वतःचे नाव आणि शाळेचे गाव लिहिले होते. आडव्या नळीवर एके ठिकाणी रंग पूर्ण उडून लोखंडाला चकाकी आली होती; तिथे मला बसवण्यासाठी छोटी सीट पट्टीने आवळलेली असे. कॅरिअर मुळात अरुंद होते. १९७१च्या जनगणनेचे कागद त्यावर मावेनात, म्हणून आबांनी लोहाराकडून दोन्ही बाजूंना एकेक गज वाढवून घेतला होता. हिरवा रंग परत आणायचा तर या सगळ्यावर पाणी सोडावे लागणार होते.

ज्यांनी पाठचिकित्सेचा घटक अभ्यासला आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षे होत आली तेव्हा तिच्या हस्तलिखितांत पाठभेद साचले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. तेथे मूळ कर्ता एक होता, त्याचा शब्द श्रेष्ठ होता, आणि नंतरचे हात हे नकलाकारांचे होते. सायकलचे तसे नाही. आसनसोलच्या कारखान्याने असंख्य हिरव्या सायकली रंगवल्या असतील. त्यांतली एक आबांची झाली ती नंतरच्या हातांमुळे. इथे प्रक्षेप म्हणायचे कशाला?

जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांचे जगभर एक गोत्र आहे. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी आपल्या संग्रहातून सायकलींचे संग्रहालयच उभे केले. फ्रान्समध्ये लांबच्या भटकंतीसाठी सायकल बनवण्याची मोठी परंपरा होती. पॅरिसचे रने एर्स यांच्यासारखे कारागीर चौकट, मडगार्ड, कॅरिअर, दिवा यांची रचना एकाच वेळी, एकमेकांच्या मापाने करीत. फ्रेंच लोक सायकलला ‘व्हेलो’ म्हणतात. तो ‘व्हेलोसिपेद’ या शब्दाचा तुकडा, शब्दशः ‘वेगवान पाय’. म्हणजे तेथेही पाय आलाच. तशा सायकलवर एक स्क्रू जरी दुसऱ्या काळातला लागला तरी जाणकाराला खटकतो, आणि ते योग्यच आहे, कारण ती एका कर्त्याची पूर्ण कृती आहे. आमची रॅले मात्र ओव्यांसारखी वाढत गेलेली. जात्यावर बसणारी प्रत्येक बाई आपली एक जोडून उठते, तशी. दोघींना एकच नियम लावता येणार नाही, असे माझे मत झाले. दादांचे झाले नाही.

मी वडीलधाऱ्यांशी वाद घालत नाही, निदान फोनवर नाही. मी चेनकव्हरचा फोटो पाठवला, आबांच्या अक्षरासह. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी दादांनी विचारले, ‘‘ते अक्षर ठेवून बाकीची हिरवी होईल का?’’ मिस्तरी म्हणाले, होईल, पण ठिगळ दिसेल. मग त्यांनीच मार्ग काढला. पुढची नळी, जिथे बगळ्याचा बिल्ला असतो, तेवढीच त्यांनी हाताने, पाणी लावून, काळ्या थराखाली उतरेपर्यंत घासली आणि हिरवा लागताच थांबले. बाकी सायकल काळीच राहिली. दोन रंगांमधली कड त्यांनी मुद्दाम बुजवली नाही. मला ती मूळ पाठाखाली दिलेल्या तळटिपेसारखी वाटते, फक्त इथे तळटीप वर आहे.

नळीवरची चकाकी गंजू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात दिला. कॅरिअरचे वाढवलेले गज तसेच आहेत. सीट नवी घ्यावी लागली. उंदरांपुढे पाठनिष्ठा चालत नाही.

फ्रीव्हीलचे काम शेवटी झाले. पायडल थांबवून सायकल सोडून दिली की मागून टिक-टिक आवाज येतो, तो आतल्या दोन खिटींचा. मिस्तरी त्यांना ‘कुत्ते’ म्हणतात. मी प्रथम ऐकले तेव्हा ही त्यांची थट्टा वाटली; पण इंग्रजी यंत्रविद्येतही पकडून धरणाऱ्या अशा भागाला ‘डॉग’ म्हणतात. कोणा कारखान्यातल्या कामगाराने तो शब्द उसना न घेता त्याचे भाषांतर उसने घेतले असावे. मिस्तरींना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘‘नाव काहीही ठेवा सर, चावलं पाहिजे.’’ त्यांचा मुलगा शेजारीच मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याला यातले ‘आउट’, ‘चिमटा’, ‘कुत्ते’ हे शब्द कळतात, पण तो वापरत नाही. त्याला ते कधी लागतच नाहीत. बैलगाडीच्या चाकाची धाव, आरे, तुंबा हे शब्द माझ्या पिढीत असेच आधी फक्त कळणारे झाले आणि मग तेही राहिले नाहीत. म्हणून हल्ली मी बाकावर बसताना खरोखरच वही नेतो. आजवर एकशे चाळीसच्या वर शब्द झाले आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी सुतारकाम, लोहारकाम, गाडीदुरुस्ती चालत असेल, तर प्रकल्पासाठी विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही.

दिवाळीनंतर दादा धुळ्याला आले. एरंडोल, पारोळे करीत एस.टी.ने आले आणि घरी चहाही न घेता थेट दुकानात गेले. सायकलकडे बराच वेळ पाहिले, पुढच्या नळीवरच्या हिरव्यावर अंगठा फिरवला, अक्षर वाचले. मग डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्या पायाने तीन-चार वेळा जमीन रेटून, सहासष्टाव्या वर्षी त्यांनी टांग मारली. मी घाबरून मागे धावलो. ते पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर धाप लागली होती, तरी पहिले बोलले ते हेच : ‘‘सगळं बरोबर आहे. घंटी आबांची नाही.’’

ती नव्हतीच. जुनी वाटी तडकलेली होती, आवाज निघत नव्हता. मिस्तरींनी फळीखालून पत्र्याचा एक डबा ओढला. त्यात जुन्या घंट्यांच्या दहा-बारा वाट्या होत्या, काही गंजलेल्या, काही पितळी. दादा बाकावर बसले, एकेक वाटी बोटावर धरून पान्याने वाजवून पाहू लागले, आणि प्रत्येक वेळी मान हलवून ती बाजूला ठेवू लागले.