घरात कोण आहे?

घर कोणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर सरकारी दप्तरात असते. दुसरे त्या घराच्या दिनक्रमात असते. हे दुसरे उत्तर सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. थंड मुलुखातील घरांच्या भिंतीवर मात्र ते लिहिलेले सापडते. थर्मोस्टॅट नावाचे पंजाएवढे यंत्र तेथे बसविलेले असते आणि त्याच्या पोटात घराचे आठवड्याचे वेळापत्रक असते.

गेला हिवाळा आम्ही सहकुटुंब अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी चिरंजीवांच्या बिऱ्हाडी काढिला. या यंत्राच्या इतिहासात त्या शहराला मान आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमधील वॉरन जॉन्सन या अध्यापकाने वर्गातील उष्णता घटली-वाढली म्हणजे तळघरातील भट्टीवाल्याला घंटेने वर्दी देणाऱ्या युक्तीचे पेटंट घेतले. मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झने १८८५ साली पुढची पायरी गाठली: घर गार होताच भट्टीचे हवेचे झाकण आपोआप उघडू लागले. भट्टीवाल्याची खेप वाचली.

आजच्या यंत्राचे मूळ काम तेच आहे. खोलीतील उष्णता नेमलेल्या अंशाखाली उतरली की भट्टी पेटवावी, आणि भरून निघाली की थांबवावी. उन्हाळ्यासाठी दुसरा, वरचा अंश नेमतात. पारा त्यापलीकडे गेला म्हणजे गारवा सुरू होतो. या दोन अंशांत पुरेसे अंतर लागते. नाही तर एकाने तापवावे आणि दुसऱ्याने निववावे, असा खेळ दिवसभर चालावयाचा! यावर घड्याळाची जोड दिली की वेळापत्रक झाले. दिवसाचे चार भाग करावयाचे: उठणे, बाहेर जाणे, परतणे आणि निजणे. चिरंजीवांकडे सकाळी ६ ला ६८ अंश फॅरनहाइट, ८ ला ६०, सायंकाळी ५॥ ला पुन्हा ६८ आणि रात्री १० ला ६२ असा क्रम होता.

घर गार होऊ देऊन पुन्हा तापविण्यात वाचलेले सारे खर्ची पडत असेल, अशी शंका पुष्कळांना येते. ती खरी नाही. आतील व बाहेरील उष्णतेत जितका फरक अधिक, तितकी उष्णता भिंती-खिडक्यांतून वेगाने निसटते. घर जेवढा वेळ गार, तेवढा वेळ ही गळती कमी. रोज ८ तास ७ ते १० अंशांची सवलत दिल्यास वर्षाच्या खर्चात शेकडा १० पर्यंत बचत होऊ शकते, असा अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचा अंदाज आहे.

चांगल्या यंत्राला आणखी एक गोष्ट कळते. ६ ला ६८ म्हणजे ६ ला भट्टी पेटवावयाची नव्हे. ६ ला ऊब तयार हवी. म्हणून ते आधीच कामाला लागते, आणि बाहेर कडाका असेल तर त्याहूनही आधी. हे पाहून आम्हांला मातोश्रींच्या बंबाची आठवण झाली. पौषात त्या तो चांगला अर्धा तास लवकर पेटवीत. परंतु मातोश्रींना याहून अधिक कळत असे. रात्री कोणी पाहुणा उतरला, कोणाला ताप भरला, तर न सांगता बंबात एक घागर जास्त पडे.

यंत्राला हे कसे कळावे? सकाळी ८ नंतर घर रिकामे, असे त्याला सांगितलेले होते. मुलगा-सून कामावर जात, आणि आमच्या सौ. शाल गुंडाळून खिडकीतल्या उन्हाबरोबर खुर्ची सरकवीत बसत. बाहेर पारा शून्याखाली असे. भिंतीवरील पाटीवर मात्र ‘घरी कोणी नाही’ अशा अर्थाचा शब्द दिवसभर झळके. अंश हाताने वाढविता येई. पण ती वाढ पुढील भागाची वेळ होईपर्यंतच टिके, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याच्या घरची कळ रोज फिरविणे सौ.ना प्रशस्त वाटेना. मुलाने विचारले की त्या म्हणत, “मला काही थंडी वाजत नाही हो!”

एके दिवशी सूनबाई दुपारीच परतल्या आणि कोट न काढताच थबकल्या. त्यांनी ‘कायम’ची कळ दाबली, सारे वेळापत्रक स्थगित झाले. बहुतेक घरांत हेच घडत असावे. अशा यंत्रांना ‘एनर्जी स्टार’ ही काटकसरीची शिफारस मिळत असे. प्रत्यक्ष वापरात अपेक्षित बचत दिसेना, म्हणून २००९ अखेर ती थांबविण्यात आली. वेळापत्रक जुळले नाही की माणसे ते सुधारीत नाहीत, बंद ठेवतात.

रविवारी मात्र चौघे मिळून यंत्रापुढे बसलो. दुपारी ६८ ठरले. रात्री पांघरुणे भरपूर, म्हणून तेथे ५८ केले. बिल थोडे वाढणार हे उघड होते. मुलाने त्याचा उच्चारही केला नाही. “आई, दुपारी किती वाजता पडता?” एवढेच सूनबाईंनी विचारले, आणि ती वेळही लिहिली.

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा गुणच आहे, आणि तिची आठवण ठेवणारा यांत्रिक चाकर आम्हांला उपकारकच वाटतो. पण घरात माणूस येतो-जातो, म्हातारा होतो, आजारी पडतो. चाकराला ते आपण सांगावयाचे असते; आणि ज्यांना थंडी वाजते ती माणसे बहुधा आपण होऊन बोलत नाहीत.